हिरव्या पाण्याचा हिशेब

मोटारसायकलचे हँडल, न्हाणीघरातला नळ, दुकानातल्या काउंटरची दांडी, यांच्यावरच्या चमकेला आपण सगळे क्रोम म्हणतो. प्रत्यक्षात क्रोमियमचा थर एका मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. निळसर झाक द्यावी, ओरखडा आणि डाग पडू देऊ नयेत, एवढेच त्याचे काम. गंज अडवणारा आणि आरशासारखी झळाळी देणारा खालचा थर निकेलचा असतो, दहा ते तीस मायक्रॉन जाडीचा. हा थर वस्तूवर चढतो तो निकेल सल्फेट नावाच्या क्षाराच्या हिरव्या द्रावणातून. पिंपरी-चिंचवड, भोसरी, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे जिथे वाहनांचे सुटे भाग किंवा नळ-कड्या-कुलपे बनतात, तिथे जवळपास कुठेतरी या हिरव्या पाण्याची टाकी असतेच. या क्षाराबद्दल मला एकच गोष्ट मांडायची आहे. त्याचा धोका माणसाच्या इंद्रियांना कळत नाही. त्यामुळे त्याच्यापासूनचे संरक्षण कामगाराच्या सावधपणावर सोडणे ही मुळातच फसलेली व्यवस्था आहे. ते संरक्षण टाकीच्या, हवेच्या, पाण्याच्या आणि जेवणाच्या जागेच्या मांडणीतच असायला हवे.

आधी हा पदार्थ नीट पाहू. प्लेटिंगवाल्यांकडे गोणीतून येणारे निकेल सल्फेट बहुतेक वेळा निळसर हिरव्या स्फटिकांच्या रूपात असते. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे सहा रेणू चिकटलेले असतात आणि वजनाच्या साधारण २२ टक्के निकेल असते. द्रावण ३१ अंशांच्या खाली थंड होऊ दिले तर सात पाण्यांचे स्फटिक पडतात. उलट स्फटिक तापवून सगळे पाणी घालवले तर पिवळी भुकटी उरते. वास नाही, धूर नाही, आग लागण्याची भीती नाही. साध्या तापमानालाही एका लिटर पाण्यात ते सहाशे ग्रॅमच्या वर विरघळते. या विरघळण्यातच त्याचे सारे मोल आहे आणि सारी जोखीमही. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यात आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असते, पण ते मिश्रधातूत घट्ट बांधलेले असते. निकेल सल्फेटमध्ये तेच निकेल विद्युतभारित, सुटे आणि हालते असते. विजेच्या ओढीने ते जितक्या सहज लोखंडाच्या तुकड्यावर जाऊन बसते, तितक्याच सहज घामातून कातडीत, घोटातून आतड्यात आणि तुषारांतून फुप्फुसात शिरते.

निकेल चढवण्याची कला एकोणिसाव्या शतकातली. जर्मनीत ब्योटगर यांनी १८४३ साली निकेल अमोनियम सल्फेटचे द्रावण वापरले, अमेरिकेत आयझॅक अ‍ॅडम्स यांनी १८६९ मध्ये त्याच क्षारावर आधारलेले पेटंट घेतले आणि धंदा उभा राहिला. पण ते काम संथ होते. खरा बदल घडवला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ऑलिव्हर वॉट्स यांनी, १९१६ मध्ये. त्यांचे सूत्र आजही शंभर वर्षांनंतर जवळपास तसेच चालते: लिटरमागे २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, त्याच्या जोडीला थोडे निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. सल्फेट हा निकेलचा मुख्य साठा. क्लोराइडमुळे अ‍ॅनोडची निकेलची पट्टी नीट झिजत राहते आणि द्रावणातली तूट भरून येते. बोरिक अ‍ॅसिड वस्तूच्या पृष्ठभागालगतची आम्लता सांभाळते. ती बिघडली की थर काळवंडतो, ठिसूळ होतो. पाणी ४० ते ६० अंश गरम ठेवायचे, सामू चारच्या आसपास, आणि एका अँपियर-तासाला जेमतेम १.१ ग्रॅम निकेल या हिशेबाने टाकीला वीज पुरवणारा रेक्टिफायर चालवायचा. विजेशिवाय निकेल चढवण्याची पद्धतही आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ब्रेनर आणि रिडेल यांनी ती शोधली. तिथेही निकेलचा पुरवठा बहुधा याच सल्फेटमधून होतो.

आता धोक्याकडे. प्लेटिंगच्या शेडमध्ये कामगार कशाला घाबरतात ते पाहिले तर माझा मुद्दा स्पष्ट होतो. लोखंड साफ करायच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीला ते घाबरतात, कारण तिच्या वाफेने डोळे चुरचुरतात. सायनाइडला घाबरतात, कारण ते नावच मरणाचे आहे. क्रोमच्या टाकीला घाबरतात, कारण क्रोमिक अ‍ॅसिडच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला भोक पडते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. क्रोमच्या टाकीत विजेचा मोठा हिस्सा हायड्रोजन उधळण्यात जातो, त्यामुळे ती डोळ्यांसमोर फसफसते. निकेलच्या टाकीत पंच्याण्णव टक्क्यांच्या वर वीज धातू बसवण्याच्याच कामी येते. बुडबुडे थोडे, पाणी कोमट, रंग सुंदर. तळाशी पडलेला तुकडा काढायला उघडा हात घालावा असे वाटण्याजोगीच ती टाकी असते. पण चांगला थर यावा म्हणून त्याच टाकीत खालून हवा सोडलेली असते. हवेचा प्रत्येक बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा द्रावणाचे सूक्ष्म थेंब वर उडवतो. ते दिसत नाहीत आणि झोंबतही नाहीत. गोणी कापून स्फटिक टाकीत ओतताना उठणारी धूळ तेवढी दिसते. पण ती काही मिनिटांत खाली बसते आणि मग टाकीच्या काठावर, रेक्टिफायरच्या बटणावर, दाराच्या कडीवर आणि चहाच्या पेल्यावर राहते.

कातडीचा धोका सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त लोकांना होणारा. निकेलच्या कामातून हाताला उठणारे इसब शंभराहून अधिक वर्षांपासून वैद्यकाला ठाऊक आहे. एकदा शरीराने निकेलला शत्रू ठरवले की ती ओळख बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे साधे घड्याळाचे बक्कल किंवा जीन्सचे बटणही पुरते. युरोपात स्त्रियांमध्ये दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास ही ॲलर्जी आढळली आहे, आणि तिचे मोठे कारण टोचलेल्या कानातले स्वस्त दागिने हे आहे. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही नकली दागिन्यांखाली उठणारे पुरळ नवे नाही. निदान करताना पाठीवर जी पट्टी लावतात तिच्यात वापरला जाणारा पदार्थ हाच, व्हॅसलीनमध्ये पाच टक्के निकेल सल्फेट. इथे डेन्मार्कचे उदाहरण फार बोलके आहे. गिऱ्हाइकाला दागिन्यातले निकेल दिसत नाही, म्हणून ‘बघून घ्या’ म्हणण्यात अर्थ नव्हता. डेन्मार्कने दागिन्यातून निकेल किती झिरपू द्यायचे याचाच कायदा १९९० च्या सुमारास केला. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशाने तो उचलला: कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. त्यानंतरच्या पिढीत कान टोचलेल्या डॅनिश मुलींमधली ॲलर्जी कमी झालेली आढळली. बदल वस्तूत झाला होता. मुलींनी वेगळी काळजी घेण्याची गरज पडली नाही.

तोंडावाटे जाणाऱ्या निकेलचा दाखला तर याहून स्पष्ट आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात प्लेटिंग कारखान्यातल्या ३२ कामगारांची हकीकत आहे. पिण्याच्या पाण्यात निकेल सल्फेट आणि क्लोराइड मिसळले गेले होते, लिटरमागे १.६३ ग्रॅम निकेल. कामगार ते पाणी प्याले. वीस जणांना मळमळ, उलट्या, पोटात कळा, चक्कर, डोकेदुखी, धाप असा त्रास झाला. दहा जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सगळे बरे झाले. या ३२ जणांपैकी एकानेही हलगर्जी केली नव्हती. हातमोजे घातलेला, प्रशिक्षण घेतलेला, सूचनाफलक वाचलेला माणूसही तहान लागल्यावर नळाचे पाणी पितो. दोष कारखान्यातल्या पाण्याच्या व्यवस्थेत होता आणि उपायही तिथेच होता. प्रत्येक वेळी शेवट असा गोड नसतो. जर्मनीतल्या वैद्यकीय साहित्यात अडीच वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. सुमारे १५ ग्रॅम निकेल सल्फेटचे स्फटिक तिच्या पोटात गेले आणि काही तासांत तिचे हृदय थांबले. हिरवे चमकदार खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घराला लागून असलेल्या शेडमध्ये हा क्षार उघडा ठेवणाऱ्याने ही नोंद लक्षात ठेवावी.

सर्वांत वादाचा विषय फुप्फुसांचा. वेल्समधल्या क्लायडॅक इथला निकेल शुद्धीकरणाचा कारखाना १९०२ पासून चालू आहे. तिथल्या कामगारांमध्ये नाकाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग कमालीचा जास्त आढळला तेव्हा आधी संशय निकेल कार्बोनिल या विषारी वायूवर गेला; पुढे बोट धुळीकडे वळले. नॉर्वेतल्या क्रिस्तियानसांड इथल्या शुद्धीकरण कारखान्याच्या अभ्यासांनी विषय आणखी पुढे नेला. तिथे पाण्यात विरघळणाऱ्या निकेलशी ज्यांचा संबंध जास्त, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही चढत गेलेला दिसला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये निकेलची संयुगे पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून, टाकली आणि २०१२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९९६ मध्ये उंदीर आणि घुशी यांना दोन वर्षे निकेल सल्फेटचे कण हुंगायला लावून पाहिले. कर्करोगाचा पुरावा मिळाला नाही. त्याच मालिकेत निकेल सबसल्फाइड या दुसऱ्या संयुगाने मात्र घुशींमध्ये कर्करोग स्पष्टपणे घडवला. शिवाय शुद्धीकरण कारखान्यात हवेत एकाच वेळी अनेक प्रकारचे निकेल असते, आणि नुसत्या प्लेटिंगच्या कामगारांच्या अभ्यासांत एवढा ठळक धोका दिसलेला नाही. मग प्लेटिंगच्या शेडला एवढे घाबरायचे का? माझे उत्तर असे. जनावरांच्या प्रयोगात काही न आढळणे निकेलच्या बाबतीत पुरेसे नाही, याचे एक उदाहरण आपल्याला रेणूच्या पातळीवर ठाऊक आहे. माणसाच्या प्रतिकारशक्तीतल्या टीएलआर-४ या ग्राहक प्रथिनावर हिस्टिडिनच्या दोन जागा अशा आहेत की निकेल थेट तिथे बसून दाह सुरू करते. उंदराच्या प्रथिनात त्या जागाच नाहीत. २०१० मध्ये हे सिद्ध झाले आणि साधा उंदीर निकेलची ॲलर्जी का दाखवत नाही ते उलगडले. ही गोष्ट ॲलर्जीची आहे, कर्करोगाची नाही, आणि एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष मी काढत नाही. पण प्राणी निर्दोष राहिला म्हणून माणूस निर्दोष राहील, हे निकेलबाबत गृहीत धरता येत नाही. आणि त्याच १९९६ च्या प्रयोगात कर्करोग झाला नसला तरी प्राण्यांच्या फुप्फुसांना दाह झाला होता. कर्करोगाचा वाद बाजूला ठेवला तरी श्वासातून हे निकेल आत जाऊ न देण्याला तेवढे कारण पुरेसे आहे.

देशोदेशीच्या मर्यादांतली तफावत हाच वाद दाखवते. अमेरिकेची जुनी कायदेशीर मर्यादा विरघळणाऱ्या निकेलसाठी हवेच्या घनमीटरमागे एक मिलिग्रॅम. युरोपीय संघाची जानेवारी २०२५ पासून लागू झालेली मर्यादा श्वासात येऊ शकणाऱ्या सगळ्या कणांसाठी ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट कडक. आणि फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक कणांसाठी ०.०१. युरोपने हा क्षार गर्भाला हानिकारक म्हणूनही वर्गीकृत केला आहे. लहान शेडांत बायका माल टांगायला आणि पुसायला असतात, म्हणून ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. यातला कोणताही आकडा नाकाला किंवा डोळ्याला कळणारा नाही. ०.०५ आणि १ यांतला फरक सर्वांत अनुभवी फोरमनलाही उपकरणाशिवाय सांगता येणार नाही.

मग करायचे काय, हे बरेचसे साधे आहे. टाकीच्या काठाने हवा ओढून घेणारी सलग खाच आणि तिला जोडलेला पंखा. द्रावणाचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य, म्हणजे बुडबुडा फुटताना थेंब उडत नाहीत. काम नसताना टाकीवर झाकण. स्फटिक कोरडे ओतण्याऐवजी बंद बादलीत पाण्यात कालवून घालणे. पिण्याच्या पाण्याची वाहिनी प्रक्रियेच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी, मध्ये कुठेही व्हॉल्व्हची जोड नाही. जेवणाची जागा दुसऱ्या खोलीत आणि तिथे जाण्याच्या वाटेवरच हात धुण्याचा नळ. ब्रिटनमध्ये प्लेटिंगच्या कामगारांच्या लघवीतले निकेल मोजले गेले तेव्हा हवेइतकाच हातातोंडाचा मार्ग महत्त्वाचा दिसला. ही तपासणी आपल्याकडेही अवघड नाही. विरघळलेले निकेल शरीरातून साधारण दिवसा-दीड दिवसाच्या अर्धायुष्याने बाहेर पडते, म्हणून आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर घेतलेला नमुना शेडचा खरा हाल सांगतो.

हातमोजे आणि मास्क यांना माझा विरोध नाही. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली, ५५ अंशांच्या टाकीशेजारी आठ तास रबरी हातमोजे घालून उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. हात घामाने भिजतो. तो हातमोजा काढतो, हिरवे थेंब पडलेल्या बाकावर ठेवतो आणि पुन्हा घालतो. आता निकेल आत आहे, घामात आहे आणि दाबून धरलेले आहे. अशा हातमोज्यापेक्षा उघडा आणि तासातासाला धुतलेला हात बरा म्हणावा लागेल. ज्याची शिस्त सतत टिकवता येत नाही ते साधन शेवटचे असावे, पहिले नसावे.

परवडत नाही, हा लहान शेडवाल्यांचा आक्षेप खरा आहे. पण सगळ्याच उपायांना तो लागू नाही. निकेल महाग आहे आणि ते वाया कुठे जाते हे पाहिले तर सुरक्षितता आणि बचत पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडतात. टाकीतून वस्तू वर काढली की तिच्या अंगाला चिकटून द्रावणही बाहेर येते आणि धुण्याच्या पाण्यात जाते. सपाट पत्रा नीट निथळला तर हे नुकसान किरकोळ. वाटीसारखा भाग उपडा न टांगता उताणा टांगला तर कितीतरी पट. लिटरमागे ३०० ग्रॅम सल्फेट म्हणजे सुमारे ६७ ग्रॅम निकेल. त्यातले एक लिटर नाल्यात गेले, तर ते केंद्राच्या सांडपाण्याच्या मर्यादेत, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत, आणायला बावीस हजार लिटरपेक्षा जास्त पाणी लागेल. भारतीय मानकातली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे. तिच्यासाठी तेहतीस लाख लिटर. उलट हँगरवर आणखी दहा सेकंद निथळू दिले, तुकडा योग्य कोनात टांगला, टाकीला लागून स्थिर पाण्याची एक टाकी ठेवली आणि तिचेच पाणी गरम टाकीतली बाष्पीभवनाची तूट भरायला वापरले, तर तो माल परत येतो. या कामाला पंखाही लागत नाही.

जे वाचवता येत नाही त्याची विल्हेवाट नीट व्हायला हवी. चुना किंवा कॉस्टिक घालून सामू दहाच्या आसपास नेला की निकेल हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ खाली बसतो. विजेशिवायच्या द्रावणात निकेलला धरून ठेवणारी सायट्रेटसारखी द्रव्ये असतात. तिथे चुना घालूनही निकेल पाण्यातच राहते आणि निव्वळ सामू पाहणाऱ्याला प्रक्रिया झाली असे वाटते. म्हणून त्या पाण्याची वाट वेगळी लागते. त्याहून वेगळी वाट सायनाइडच्या पाण्याला लागते. निकेलचे आम्लधर्मी पाणी आणि तांब्याच्या किंवा जस्ताच्या टाकीतले सायनाइडचे पाणी एका गटारात आले, तर हायड्रोजन सायनाइड वायू उठू शकतो. गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात जायला हवा. शेडमागच्या खड्ड्यात पडला, तर आम्लाचा स्पर्श होताच तो पुन्हा विरघळतो.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो: निकेल तर आपण रोज खातोच. खरे आहे. डाळी, सोयाबीन, ओट्स, काजू, कोको यांतून दिवसाला शंभर ते तीनशे मायक्रोग्रॅम निकेल पोटात जाते. पण जेवणासोबत आलेल्या निकेलपैकी एक टक्क्याच्या आसपासच रक्तात उतरते. तेच निकेल सल्फेटच्या रूपात, पाण्यातून, उपाशीपोटी घेतले तेव्हा स्वयंसेवकांच्या शरीरात पंचवीस टक्क्यांच्या वर शोषले गेले. डब्यातल्या आमटीतल्या निकेलचा हवाला देऊन टाकीवरच्या निकेलचे समर्थन करता येत नाही. उलट, सकाळी उपाशीपोटी पाळीवर येणाऱ्या कामगाराला पहिला चहा शेडबाहेर मिळाला पाहिजे, असाच त्याचा अर्थ निघतो.

हा प्रश्न आता प्लेटिंगपुरता राहिलेला नाही. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या विद्युतघटांसाठी शुद्ध निकेल सल्फेट लागते. पुरवठ्याच्या बाजूला इंडोनेशियाने २०२० मध्ये कच्च्या खनिजाची निर्यात थांबवली, आणि आज जगातले अर्ध्याहून जास्त निकेल तिथल्या खाणींतून येते. गोव्यातली निकोमेट ही निकेल आणि कोबाल्ट काढणारी कंपनी वेदान्त समूहाने डिसेंबर २०२१ मध्ये विकत घेतली ती विद्युतघटांच्या याच मागणीच्या भरवशावर. शिवाय २०२२ च्या विद्युतघट कचरा नियमांमुळे जुन्या बॅटऱ्यांच्या काळ्या भुकटीतून निकेल परत काढण्याचे काम वाढेल. त्यातले पुष्कळसे काम अखेर कुठल्यातरी मध्यम आकाराच्या शेडमध्ये गंधकाम्लात निकेल विरघळवून होईल, आणि तिथे निघणारे हिरवे द्रावण वॉट्सच्या टाकीतल्या द्रावणाचेच भावंड असेल.

म्हणून मला वाटते, दट्ट्या खरेदीदाराने लावायला हवा. मोठ्या वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे जाऊन निकेलच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, मिठाच्या फवाऱ्यात तुकडे तासन्‌तास ठेवून गंज येतो का पाहतात आणि नापास लॉट परत पाठवतात. त्याच तपासनिसाच्या यादीत टाकीच्या काठावरच्या हवेतले निकेल, पिण्याच्या पाण्याच्या नळाचा नमुना आणि पाळीनंतरच्या लघवीच्या चाचण्यांचा तक्ता, या तीन ओळी वाढवता येतात. त्या नापास झाल्या तर लॉट त्याच नियमाने परत जावा.